हवेच्या पिशव्या

शिवराजने पिकअपखालून नुसताच हात बाहेर काढला. मेकॅनिक खाजाभाईंनी त्यावर पाना ठेवला.

मागच्या चाकांवरच्या दोन्ही स्प्रिंगपाट्यांवरचे झिजलेले रबरी ठोकळे निघाले होते. त्यांच्या जागी, चासी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये, एकेक जाड काळी रबरी पिशवी बसवायची होती. तिच्यात हवा भरली की पाट्यांना खालून आधार मिळणार, वजन पडलं तरी मागची बाजू बसणार नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी असली वस्तू हैदराबादच्या अंबरपेठेत कुणी पाहिलीही नव्हती. आता मुंबईच्या दुकानदाराला फोन केला की परदेशी अक्षरांचा खोका घरपोच येत होता.

"मियाँ, इत्ते साल से ऐसेच खींच रहे ना गाड्याँ," खाजाभाई वाकून म्हणाले. "अब कायकू लगा रहे ये बलूनाँ?"

"पीछे बैठ री ना, भाई."

"वो तो कब से बैठ री."

शिवराजने पुन्हा आत सरकला.

रस्त्यात बंद पडलेल्या मोटारी उचलून गॅरेजला पोचवायचा त्याचा धंदा. पिकअपच्या मागे छोटी क्रेन होती. तिच्या साखळीला मोटारीचं तोंड अडकवायचं, पुढची चाकं उचलायची आणि निघायचं. ओझं सगळं मागे लटकायचं. मागची बाजू खाली बसली की पुढची चाकं हलकी व्हायची आणि स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखं वाटायचं. त्याची त्याला सवय झाली होती. शेजारच्या सीटवर बसलेली गिऱ्हाइकं आपापल्या काळजीत असत, त्यांच्या ते लक्षातही येत नसे.

महिन्यापूर्वी मात्र कोठी भागातल्या चढावर पुढचं चाक खड्ड्यातून उडालं आणि शेजारी बसलेल्या सुजाताताईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. आपल्या मुलाच्या शाळेतली काहीतरी गंमत त्या सांगत होत्या. ती तिथेच तुटली. मग विद्यानगरला घरी उतरेपर्यंत त्या गप्पच राहिल्या.

त्यांची गाडी बंद पडायची ती तिसरी वेळ होती. त्या पुण्याच्या. नवऱ्याच्या कॉम्प्युटर कंपनीमुळे हैदराबादला आल्या, आणि वर्षाच्या आत कंपनीने नवऱ्याला अमेरिकेला पाठवलं. मुलगा रोहन पुण्यात, आजी-आजोबांकडे शिकायला. पहिल्यांदा शिवराज त्यांची गाडी उचलायला गेला तेव्हा पिकअपच्या दारावरचं देवनागरीतलं नाव वाचून त्या जवळजवळ ओरडल्या होत्या, "अहो, तुम्ही मराठी?"

"हौ. आजोबा उदगीरहून आले हिकडं. आता घरात मराठी बोलणारं कुणी नाही. मंडळी वारली, पोरगी निजामाबादला दिली. माझं मराठी बिघडायलंय."

"बिघडायलंय!" त्या हसल्या होत्या. "किती छान म्हणता तुम्ही."

त्या प्रवासात आणि पुढच्या दोन्ही वेळी त्या बोलत राहिल्या आणि तो ऐकत राहिला. मध्येच तोही बोलायचा. बायको गेल्यापासून इतकं मराठी त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. घरी आल्यावर जबडा दुखल्यासारखा वाटायचा.

पिशव्या बसल्या. खाजाभाईंनी हवा भरायच्या नळ्या सायलेन्सरपासून दूर घेत नंबर प्लेटजवळ आणल्या, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही.

"थोडी हवा रखा हूँ, थैली चिमटना नै," ते म्हणाले. "बाकी लोड देख के भरेंगे. कोई गाडी लटका के लाओ."

शिवराज हात पुसत होता तेवढ्यात कमरेचा पेजर वाजला. पडद्यावर सुजाताताईंचं नाव होतं, आणि नामपल्ली स्टेशन.

त्याने शर्ट बदलला. डावीकडची सीट ओल्या फडक्याने पुसली.

स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेच्या पलीकडे पांढरी छोटी गाडी उभी होती. सुजाता बॉनेटला टेकून उभी होती. डोळे लाल होते.

"रोहन आला होता सुट्टीत," ती म्हणाली. "सासरे न्यायला आले. आत्ताच गाडीत बसवून दिलं दोघांना." मग तिने मोटारीकडे बोट केलं. "आणि ही सुरूच होत नाहीये."

"बघू द्या की."

"बघायचं काय त्यात? उचलूनच न्यावी लागेल ना?"

शिवराजने बॉनेट उघडलं. एका नजरेत त्याला दिसलं. प्लगकडे करंट नेणारी जाड वायर निघून बाजूला पडली होती. मागच्या वेळी तिच्या देखत त्यानेच ती बसवून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटलेली सापडली. त्याने वायर जागेवर दाबली, तीच पट्टी पुन्हा गुंडाळली आणि म्हणाला, "मारा चावी."

इंजिन लगेच सुरू झालं.

"बघा!" तो हसला. काम असं चुटकीसरशी झालं की त्याला नेहमीच बरं वाटायचं. आज पिशव्या दाखवता आल्या नाहीत, एवढंच काय ते मनाला लागलं.

सुजाता स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. "झालं? इतक्यात?"

"वायर निघाली होती फक्त."

"वाटेत पुन्हा बंद पडली तर?"

"नाही पडायची. बिनघोर जावा."

"किती द्यायचे तुमचे?"

"ह्याचे काय घ्यायचे, ताई?"

ती काहीतरी बोलणार होती. पण मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. तिने गिअर टाकला आणि गाडी गर्दीत मिसळून गेली.

शिवराज रिकामी पिकअप घेऊन अंबरपेठेकडे निघाला. मागे वजन नव्हतं, तरी गाडी नेहमीपेक्षा कमी आदळत होती. सिग्नलला थांबल्यावर त्याने स्टेअरिंगवरचा हात उचलला. बोटं चिकटत होती. पट्टीचा डिंक अजून ओला होता.

धक्क्याने वायर निघते. पट्टीही सुटते. पण सुटलेली पट्टी सरळ होऊन, हरवू नये म्हणून ठेवल्यासारखी, बॉनेटला आपोआप नीट चिकटत नाही. ती कुणीतरी हाताने सोडवलेली होती.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून बाजूने निघून गेल्या. शिवराजला सुजाता बॉनेटला टेकून उभी असलेली दिसत होती. आणि तो स्वतः, हसत, मारा चावी म्हणणारा.

त्याने पिकअप विद्यानगरकडे वळवली.

उन्हं उतरली होती. पांढरी गाडी फाटकाच्या आत उभी होती. त्याने बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. सुजाताने तोंड धुतलेलं दिसत होतं. बाहेरची साडी तशीच होती. मागे खोलीत दिवा लावलेला नव्हता.

"शिवराजभाऊ? काही विसरलात का?"

"नाही. एक काम होतं, ताई." वाटेत जुळवलेलं वाक्य त्याला आठवेना. "गाडीला हवेच्या पिशव्या बसवल्यात आज. मागचं बसू नये म्हणून. त्या दिवशी तुम्ही भ्यालात ना, कोठीला."

"माझ्यासाठी बसवल्यात?"

"समद्यांसाठीच." तो खाली पाहत म्हणाला. "पण हवा किती भरायची ते वजन लटकवल्याबिगर कळत नाही. तुमची गाडी पाहिजे होती, तासाभरासाठी."

"अहो, पण ती आता चालू आहे."

"चालू गाडीचं बी वजन तेवढंच असतंय, ताई."

सुजाता त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर त्याच्या काळ्या, चिकट बोटांवर गेली आणि तिचा चेहरा गोरामोरा झाला. शिवराजने हात मागे घेतले.

"आणि डावीकडं बी माणूस लागतंय बसायला," तो घाईने म्हणाला. "एकट्यानं गाडी एका अंगाला झुकती."

ती आत गेली. एकामागून एक खिडक्या लावल्याचे आवाज आले, मग मागच्या दाराची कडी. शिवराजने क्रेनची साखळी सोडली, गाडीचं तोंड अडकवलं आणि हळूहळू उचललं. पिकअप मागे जराशी दबली आणि थांबली.

सुजाता कुलूप लावत होती तेवढ्यात वरच्या गॅलरीत घरमालकीण येऊन उभी राहिली.

"फिर खराब हो गई क्या, मॅडम की गाडी?"

शिवराजने वर पाहिलं. "हौ, अम्मा."

"अभी तो चला के लाए ना?"

तो साखळी पुन्हा ओढून बघू लागला. सुजाताने किल्ली पर्समध्ये टाकली आणि पदर सावरला.

"हाँ अम्मा, घर आते ही बंद हो गई," ती म्हणाली. "मुझे भी साथ जाना पडेगा."

आणि डावीकडचं दार उघडून ती वर चढली.