दार नवीनच टाका

चार गॅरेजवाल्यांच्या नाकी नऊ आणून नवरा पाचव्या गॅरेजच्या फाटकातून आत शिरला. शेजारच्या सीटवर बायको होती. अपघातात चेपलेलं डावं दार नीट लागत नव्हतं, म्हणून त्याला दोरी बांधली होती आणि ती दोरी उजव्या हातानं धरून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. डावा हात मांडीवर नुसता पडलेला. एका गॅरेजहून दुसऱ्या गॅरेजला अशी तिची वरात चालली होती.

गॅरेज पारखावं तर ह्यानंच. खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असायचं. दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या लोकांच्या गाड्यांवरून तो ते फिरवायचा. चुंबक घसरलं की आत पत्रा नाही, खड्डा बुजवायची लांबी थापली आहे. मग उन्हात उकिडवं बसून जुना रंग आणि नवा रंग ताडून पाहायचा, दाराच्या फटीत बोट घालून ती वरखाली सारखी आहे का बघायचा. पहिल्याकडे लांबी सापडली, दुसऱ्याकडे रंग फिका निघाला, तिसरा गिऱ्हाइकासमोर तंबाखू मळत होता आणि चौथ्याला याचे प्रश्नच सोसवेनात.

बायकोचं त्याच अपघातात मोडलेलं डावं मनगट मात्र त्यानं घराजवळच्या पहिल्याच डॉक्टरकडे बसवून घेतलं होतं. जवळ पडतं म्हणून. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं होतं आणि बोटं मिटत नव्हती. ती केस कापायची, डावखुरी होती. पार्लरमधली तिची खुर्ची एव्हाना दुसरीला दिली होती. "मोठ्या हॉस्पिटलात दाखवू, आत्ताच दाखवू," म्हणून तिचा दादा कानीकपाळी ओरडत होता. त्याच भरात तो बोलून गेला, "तुझीच बाजू कशी चेपली, विचार त्याला. स्वतःला वाचवलंय त्यानं."

तिला ते झोंबलं. नवऱ्यानं सांगितलं होतं, टेम्पो दिसलाच नाही, काही कळायच्या आत आदळला. तिनं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि थोरल्या भावाला तोंडावर सांगितलं, की असलं बोलायचं असेल तर माझ्याकडे येऊ नकोस. दादा गेला तो गेलाच. नवऱ्यापायी तिनं माहेर तोडलं होतं, तेव्हा नवऱ्याला खरं मानणं तिला भागच होतं.

पाचव्या मिस्त्रीच्या गाड्यांवर चुंबक कुठेच घसरलं नाही. नवऱ्याचा चेहरा खुलला. पण मिस्त्री म्हणाला, "समोरून धडक ना? मग चेसिस मोजून घ्यावी लागेल. वाकली असेल तर नुसतं दार करून उपयोग नाही."

वाकल्या चेसिसची गाडी उद्या विकताना कोण घेणार? नवरा उसळला. "चेसिसला धक्काच नाही! मी चालवत होतो की तुम्ही? टेम्पो मला चांगला लांबून दिसला होता. समोरासमोर घेतली असती तर इंजिन माझ्या मांडीवर आलं असतं. म्हणून शेवटी स्टिअरिंग पुरतं उजवीकडे मारलं. सगळा मार दारानं घेतला."

दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून त्यानं दाखवलंसुद्धा. आपण कुणासमोर बोलतोय याचं भान त्याला उरलं नव्हतं.

"दाराशी कोण होतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"ही होती."

बायको मध्येच म्हणाली, "अहो, मला तर म्हणालात दिसलाच नाही."

"तेव्हा तुझा दादा समोर बसलेला. त्याच्यापुढे काय सांगू?"

"वळवताना मी तिथं आहे, हे लक्षात होतं?"

त्यानं आठवून खरं तेच सांगितलं. "होतं की. पण या गाडीचं दार मजबूत असतं."

मिस्त्रीनं मान खाली घातली. मग तिच्या हाताकडे बघत म्हणाला, "ताईंचा हात कुणाला दाखवलात का?"

"तो बसवून झालाय. तुम्ही दाराचं बघा. दार मात्र नवीनच टाका. ठोकून सरळ केलेलं मला चालायचं नाही."

ती फाटकाबाहेर आली. तिला त्याची किळस आली होती आणि त्याहून जास्त स्वतःची. तिनं उजव्या हातानं फोन लावला. दादानं उचलला.

"दादा, तू म्हणत होतास तेच खरं."

"बरं."

"मला न्यायला ये. हॉस्पिटलात जाऊ."

दादा म्हणाला, "मी तुझ्या हाताचे एक्स-रे दाखवले होते तिथल्या डॉक्टरांना. लगेच आली असतीस तर जमलं असतं, म्हणाले. आता कात्री धरता यायची नाही."

आत मिस्त्रीनं दोरी कापली आणि दार जमिनीवर आदळलं. नवरा ओरडला, "अहो, हळू!"

"ठीक आहे," ती दादाला म्हणाली. "तरी ये."