अकरा सेकंद

"पंप बंद झालाय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस," काकू म्हणाली.

चिंगी पंपघरात डोकावून आली. ऑपरेटरनं खटका खाली ओढून त्यावर पाटी अडकवली होती. तासाभराची सवड होती. त्यापुढे अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडले असते.

काका पाणबुडे होते. पंपाच्या तोंडाशी, तलावाच्या तळाला, एक लोखंडी जाळी होती. तिच्यात अडकलेल्या फांद्या आणि चिंध्या काढायला ते दर महिन्याला पाठीवर हवेची टाकी बांधून उतरत. पाणी इतकं गढूळ की सगळं काम हातानं चाचपून करायचं. त्यांच्या कमरेचा दोर बावीस वर्षं काकूच्या हातात होता. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे ओढ. आधी दोराला दुसरा माणूस असे. तो एकदा विडी पेटवायला वळला आणि त्या दिवशी काकूनं दोर त्याच्या हातातून काढून घेतला तो घेतलाच.

चिंगी ही त्यांची पुतणी. लग्नांच्या शूटिंगला विटलेली. हा तिचा पहिला माहितीपट. पाण्याची तिला लहानपणापासून धास्ती. पण कॅमेरा डोळ्याला लावला की ती विरघळते, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि त्यावर ती खूश होती.

काका चाळीस मिनिटांनी वर आले. चिंगीनं चित्रण तपासलं आणि तिचा चेहरा पडला. काका पाण्यात शिरताना फोकस पार चुकला होता.

"काका, अजून एकदा उतराल? दोनच मिनिटं."

"झालं ना काम?" काकू म्हणाली. "आता पाण्यात काय ठेवलंय?"

"असू दे गं. पोरीचं पहिलंच काम आहे," काका म्हणाले आणि उतरले.

या खेपेला सगळं मनासारखं मिळालं. पाण्यावरची खळबळ शांत झाल्यावर चिंगीनं कॅमेरा काकूकडे वळवला. दर अर्ध्या मिनिटाला दोराला एक झटका येत होता. मग आला नाही. काकूनं खालून पुढचा झटका येतोय का ते पाहिलं, दोर हलकेच ताणला. तो ताठ झाला, पण हलेना. तिचे ओठ पांढरे पडले. इतकी उघडी भीती चिंगीनं कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. तिनं झूम केलं.

"चिंगे, दोर धर," काकू म्हणाली.

चिंगीनं फोकस नीट केला.

"चिंगे."

तेव्हा कुठे तिनं डोळा कॅमेऱ्यावरून काढला. कॅमेरा कठड्यावर टाकून ती पंपघराकडे बघत ओरडली, "खटक्याला हात लावू नका, माणूस खाली आहे." मग दोघींनी मिळून दोर ओढला. हात सोलवटले. दोर इंचभरही सरकेना. चिंगी देवाचं नाव घ्यायला गेली तर तेही आठवेना. आणि एकाएकी दोर सैल पडला. दोघी मागे कोसळल्या. जाळीत गुंतलेला दोर चाकूनं कापून काका बाणासारखे वर आले होते. त्यांच्या उजव्या कानातून रक्त येत होतं.

कान गेला तो गेलाच. पाण्यात उतरायचंही बंद झालं.

पडलेला कॅमेरा सुरूच राहिला होता. काकूची पहिली हाक आणि कॅमेरा खाली पडणं, यांत अकरा सेकंद होते. चिंगीनं ते कितीदा मोजले, तरी कमी होईनात. महिन्याभरानं ती लॅपटॉप घेऊन काकूसमोर बसली.

"हे कापते मी," ती म्हणाली.

काकूनं सगळं पाहिलं. "माझं तोंड ठेवणार आहेस ना? मग तू लावलेला वेळही ठेव."

चिंगीनं ठेवला. फोकस चुकलेलं चित्रणही चाललं असतं, एवढं साधं शहाणपण तिला एका कानाच्या मोलानं मिळालं होतं.

माहितीपट पंपघराच्या शेजारच्या सभागृहात दाखवला. तीसेक माणसं आली होती. चिंगी मागे भिंतीला टेकून उभी राहिली. त्या अकरा सेकंदांना तिनं डोळे मिटले नाहीत. मग पडद्यावर काका आले, जाळीवर काम कसं करायचं ते हातवारे करून समजावू लागले. आवाज लहान होता. पहिल्या रांगेतल्या काकांनी मान कलती केली, मग काकूकडे पाहिलं. काकू त्यांच्या डाव्या कानाशी वाकली आणि त्यांचंच बोलणं त्यांना शब्द न् शब्द सांगू लागली.