नेच्यांसाठी कागद

"ही कुनाची लंगुटं वाळत घातल्यात वो ताई?"

कोंडीबाने ओल्या चादरींचा गठ्ठा खाली ठेवला आणि मान वर करून दोरीकडे पाहिलं. महाबळेश्वरच्या त्या हॉटेलात चादरी-टॉवेल धुऊन वाळवायची खोली मागच्या अंगाला होती. तिथल्या एका दोरीवर कागदाच्या नऊ अरुंद पट्ट्या चिमट्यांनी टांगलेल्या होत्या.

"लंगोट नाहीत मामा, कागद आहेत," स्वप्ना म्हणाली. "हात लावू नका हं."

"कागद? आवं, हितं जुलैत मान्सं वाळंनात, आन् तुमी कागद वाळवाया आलाय व्हय?"

"वाळवायला नाही. भिजवायला."

कोंडीबा इतका हसला की त्याला खोकला आला. "मग बराबर जागी आलायसा."

स्वप्ना इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. गाळप चालू असेपर्यंत नोकरी, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. त्या रिकाम्या महिन्यांत ती कागद कापायची. कात्रीने नव्हे, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टोकदार पात्याने. आणि एकाच अखंड कागदातून, कुठेही जोड न देता. गेल्या वर्षी या हॉटेलच्या दर्शनी भिंतीसाठी तिने झाडाच्या खोडावर उगवलेले नेचे, म्हणजे फर्न, कागदात कापले होते. प्रत्येक पानाला दाते, दात्यांना आणखी दाते. अनोळखी माणसं बघतील अशा जागी लागलेलं ते तिचं पहिलं काम. खाली बारीक अक्षरांत नाव होतं.

यंदा जुलै लागताच ते नेचे उकडलेल्या मेथीसारखे लोंबायला लागले.

"मॅडम, पाहुण्यांना वाटतं भिंतीला ओल आलीय," मालक धैर्यशील फोनवर म्हणाला होता. त्याने ते उतरवलं आणि त्या जागी लेझरने कापलेलं ॲक्रिलिक लावायचं ठरवलं. स्वप्नाने एका पावसाळ्याची मुदत मागितली. "गणपतीपर्यंत थांबतो," तो म्हणाला.

आधी तिने घरीच चाचण्या केल्या. ड्रॉइंग पेपर, कार्डशीट, लग्नपत्रिकेचं जाड कार्ड, हातकागद. प्रत्येकावर नेच्याचं तेच एक पान कापायचं आणि कुकरच्या वाफेवर धरायचं.

"डाळ शिजली, आता कागद शिजवाया बसली," तिची आई जाईबाई म्हणाली. "कोन खानार हाय त्ये?"

वाफेत कार्डशीट पहिली आली. महाबळेश्वरच्या दोरीवर सगळ्यात आधी तीच वाकली. दहा मिनिटांची वाफ आणि तीन महिन्यांची ओल यांत फरक असतो, हे प्रयोगशाळेत वावरणाऱ्या बाईला आधी सुचायला हवं होतं. स्वप्नाला स्वतःचाच राग आला. मग दर आठवड्याला एसटीने वर यायचं तिने ठरवून टाकलं.

जाड कार्ड ताठ राहिलं, पण त्यात दाते निघेनात; पातं वळवलं की कोपरा चुरडायचा. चकचकीत कागदाची कड सोलवटली. हातकागदावर दाते सुरेख निघाले, पण त्यावर काळी बुरशी धरली.

"ह्यो तर माज्या बनियनवानी झाला," कोंडीबा म्हणाला. आता तो स्वतःच रोज पट्ट्या बघायचा आणि फोन करून कळवायचा. "ताई, चार नंबर गेला बगा. पाच नंबर आजारी हाय."

गेल्या वर्षीची चूक तिला हळूहळू उमगत गेली. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. ओल लागली की कागद तंतूंच्या लांबीत फारसा वाढत नाही, आडवा फुगतो. तिने तो चारी बाजूंनी फळीवर चिकटवला होता. फुगायला जागाच नाही, मग पोट सुटणारच. तंतू उभे हवेत आणि कागद फक्त वरच्या कडेने टांगायला हवा. राहिली बुरशी. त्यासाठी तिने सुतार लाकडाला लावतात तो लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला, हातकागदाला दोन्ही बाजूंनी चढवला आणि वाळल्यावर पान कापलं. पातं कधी नव्हे इतकं स्वच्छ फिरलं.

"घरभर वास सुटलाय," जाईबाई नाकाला पदर लावून म्हणाली. "त्यो मालक पेलॅस्टिकचं लावतो म्हनला न्हवं? लावू दे की. तुजं काय अडलंय?"

"कागद वाईट नव्हता आई. मी चुकीचा निवडला, चुकीचा चिकटवला. नाव कागदाचं का खराब व्हावं?"

जाईबाईने खिडकी उघडली. "मग कर. पर भाकरीच्या परातीत न्हाई."

चपड्याची पट्टी तीन आठवडे दोरीवर राहिली. दाते ताठ, कड सरळ. तेव्हा स्वप्नाने भिंतीच्या मापाचा अख्खा कागद चपडा चढवून, अजून न कापता, तयार केला आणि मापं ताडून बघायला तो गुंडाळून वर घेऊन आली. गणपती अजून यायचे होते.

दर्शनी भिंतीवर ॲक्रिलिक लागलं होतं.

"थांबणार होतो मॅडम," धैर्यशील काउंटरमागून उठत म्हणाला. त्याला खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. "पण लेझरवाला दुसऱ्या कामाला आला होता, म्हटलं उरकून घेऊ. डिझाइन तुमचंच आहे हां. फोटो होता ना माझ्याकडे. खाली नाव टाकायचं का?"

तिने जवळ जाऊन पाहिलं. तेच नेचे, हिरवे, काचेसारखे चमकणारे. डावीकडच्या तिसऱ्या पानाचं टोक बोथट होतं. गेल्या वर्षी तिथे तिचं पातं निसटलं होतं. यंत्राने तेही इमानाने कापलं होतं.

"ते टोक तुटलेलं आहे," ती म्हणाली.

"कुठे? मला नाही दिसत."

"मला दिसतं. नाव नको."

मागच्या खोलीत कोंडीबा चादरी पिळत होता. त्याला सगळं ठाऊक असावं. त्याने थट्टा केली नाही.

"तुमची पट्टी अजून तशीच हाय," तो म्हणाला. "काडू का आता?"

"नको. पाऊस कुठं संपलाय?" तिने गुंडाळी सोडली. "पट्टी लहान असते मामा. अख्खा कागद कसा वागतो ते बघायचंय. जागा होईल?"

"सरकवतो की चादरी."

त्याने हात सदऱ्याला पुसले, उलटसुलट करून पुन्हा पुसले, आणि कागदाचं दुसरं टोक धरलं. चादरी झटकायच्या सवयीने त्याचे खांदे वर गेले.

"झटकू नका," ती म्हणाली.

"न्हाई झटकत."

दोघांनी तो कोरा कागद वरच्या कडेने दोरीला लावला. दोन्ही बाजूंच्या चादरींतून पाणी ठिबकत होतं. स्वप्ना जमिनीवर उकिडवी बसली आणि एक डोळा मिटून कागदाची खालची कड पाहू लागली.