पाचवी सवाशीण

मी मुसळ बोलतोय. या घरातल्या भिमाजीच्या आज्यानं मला डिंभ्याच्या वरल्या रानातून आणून तासलं. भात कांडून कांडून माझी कंबर बारीक झाली, पण वाकलो नाही.

मग गावात गिरणी आली. मी दाराआड गेलो. लग्न निघालं की मात्र माझ्यावाचून चालत नाही. मला आंब्याचा डहाळा बांधतात. पाच सवाशिणी मला एकदम धरून हळकुंडं कांडतात. तीच हळद नवरीला लागते. नवरीच्या आईचा हात त्यात पहिला.

यंदा भिमाजीच्या नातीचं, इंद्रायणीचं लग्न होतं. तिची आई उज्ज्वला. तिला कॅन्सर झाला होता. पुण्याच्या औषधानं ती वाचली, केस मात्र गेले. हिरवं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, अशी ती माझ्याकडं आली. वाकताना डोक्यावरचा पदर घसरला.

थोरली जाऊ अंबाबाईनं तिचा हात अडवला.

"तू नगं. बोडक्या डोक्यानं मुसळ धरत्यात व्हय?"

"माझा नवरा समोर उभा हाय, अक्का."

"पावण्यांना डोकंच दिसतं. उद्या पोरीचं काय वंगाळ झालं म्हंजी? केसांचा टोप तरी घालायचास."

"घातला व्हता. डोक्याला फोड येत्यात."

"सोललेल्या कोंबडीवानी दिसतंय," मागून कुणी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या.

नवरा सुनील मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. बाप भिमाजी गेला तेव्हा दहाव्याला त्यानंही डोक्याचं मुंडण केलं होतं. पोरगा कर्तव्याला जागला, असं गाव म्हणालं. आज तो एवढंच बोलला, "राहू दे गं. कशाला तमाशा?"

उज्ज्वला आत गेली. तिच्या जागी पारगावची पावणी उभी केली. पाचजणींनी मला धरलं, मी कांडलं. लाकडाला नाही म्हणता येत नाही.

बाया हळदीची वाटी घेऊन इंद्रायणीकडं गेल्या. तिनं वाटीवर हात ठेवला.

"हिला आईचा हात लागला का?"

अंबाबाई खाली बघायला लागली.

"लागला गं," आतून उज्ज्वलाच म्हणाली. "लावून घे. उशीर व्हतोय."

पोरीनं गाल पुढं केला.

हात लागला नव्हता. मला ठाऊक आहे.

या घरात अजून एक पोरगं लग्नाचं आहे. तेव्हा आधी उज्ज्वलाला बोलवा, मग मला उभं करा. तिला केस असोत, नसोत. ते जमणार नसेल, तर मला पाण्याच्या चुलीत सारा. वाळलेलं लाकूड आहे. धूर होणार नाही.