बिल्डिंगला कळता कामा नये

बारावी झाली आणि मी घरात सांगून टाकलं, यंदा कॉलेजला जाणार नाही, एक वर्ष थांबणार. बाबांनी टीव्ही बंद केला. यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा, कारण घराला आग लागली तरी मॅच संपल्याशिवाय बाबा उठणार नाहीत.

"थांबणार म्हणजे? बस आहे का ती?" ते म्हणाले.

मी समजावून सांगितलं. कॉलेजने माझी जागा वर्षभर राखून ठेवली होती, पुढच्या वर्षी मी जाणारच होते. पण कळायला लागल्यापासून शाळा, क्लास, परीक्षा, पुन्हा क्लास, डोक्याचा नुसता भुगा झाला होता. इंजिनियर व्हायला निघालेल्या मुलीने आयुष्यात एक स्क्रू फिरवलेला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारी एक छोटी कंपनी मला मदतनीस म्हणून घ्यायला तयार होती, ते मी आधीच ठरवून आले होते. आईला हसू आलं आणि बाबा रडकुंडीला आले.

बरेच दिवस घुम्यासारखे वागून शेवटी बाबांनी अट घातली. "कर काय करायचं ते. पण बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी तुझं हे खूळ बंद. दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने क्लासला बसायचं." मीही तावातावाने हो म्हटलं.

मग बाबांनी खोटं बोलायला जी सुरुवात केली! मी पहिल्या वर्षाला आहे, सबमिशन चालू आहे, प्रोफेसर फार कडक आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड मुख्याध्यापिका राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना हेडबाई म्हणते आणि टरकून असते. त्यांनी एकदा माझे काळे हात बघून विचारलंच. "वर्कशॉपचं प्रॅक्टिकल," बाबांनी ठोकून दिलं. मला माझ्या कामाची लाज वाटत नव्हती, माझ्या बापाला वाटत होती, आणि ते मनाला फार लागायचं. रोज सकाळी बॅगेत कामाची डांगरी दडवून मी विद्यार्थिनीसारखी बाहेर पडायची.

आमच्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. मी कॉलेज पुढे ढकलून आले म्हणून त्यांनी माझं नावच 'कॉलेज' ठेवलं. "ए कॉलेज, पाना दे. ए कॉलेज, झोपलीस का?" दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट चालू न देणारे दाराचे कॉन्टॅक्ट असतात, ते त्यांनी मला घासायला शिकवलं, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखायला शिकवलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "लिफ्टच्या शाफ्टमध्ये तोंड सांभाळून बोलायचं. इथे बोललेलं तळापासून गच्चीपर्यंत प्रत्येक घरात जातं." मला ते काम आवडायला लागलं होतं, अगदी मनापासून. संध्याकाळी हात दुखायचे आणि झोप मस्त लागायची.

एका दुपारी उस्तादांचा फोन वाजला. लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ अडकली होती, आत दोन माणसं. उस्तादांनी पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. आमची बिल्डिंग! तिचं काम पूर्वी दुसऱ्या कंपनीकडे होतं. ते आमच्याकडे आलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

उस्तादांना अट माहीत होती. फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "तू गाडीत बस. मी वॉचमनला घेऊन करतो."

गच्चीवरच्या मशीनचं चाक हाताने फिरवून लिफ्ट खाली आणायची असते, त्याला वॉचमन चालला असता. पण दाराशी उभं राहून आतल्या माणसांना धीर द्यायचा आणि लिफ्ट मजल्याला नीट लागली की वर ओरडून सांगायचं, हे काम त्याचं नव्हतं. तेवढ्यात जिन्यातून एका बाईचा रडवेला आवाज आला. मग मी कसली बसतेय! डांगरी चढवली आणि पळत तिसऱ्या मजल्यावर गेले. गेलं आपलं वर्ष, हे पायऱ्या चढतानाच मनाशी म्हणून घेतलं.

किल्लीने बाहेरचं दार थोडं सरकवलं. लिफ्टचा तळ माझ्या कमरेइतका वर अडकला होता आणि फटीतून पायच तेवढे दिसत होते. एक जोडी हेडबाईंच्या चपलांची. दुसरे बूट, एकाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी. ती तपकिरी नाडी मीच ओवून दिली होती. बाबा दातांच्या डॉक्टरकडे जायला लवकर घरी येणार होते, ते मी साफ विसरले होते.

"कोण आहे?" हेडबाई ओरडल्या. "पोरीचा आवाज वाटतोय. अहो, कुणीतरी मोठा माणूस पाठवा!"

"दाराला हात लावू नका, मागे सरकून उभे राहा," मी म्हटलं. "लिफ्ट हळूहळू खाली येईल. थोडा झटका बसेल, घाबरायचं नाही."

बाबांनी माझा आवाज ओळखला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. मी वाट पाहिली. ते एक शब्द बोलले नाहीत. मला असा संताप आला म्हणून सांगू! पण तो गिळून मी शाफ्टमध्ये ओरडले, "उस्ताद, सोडा!"

लिफ्ट हलली. "अजून. अजून थोडी. बस!"

मी दार उघडलं. हेडबाई आधी बाहेर आल्या, चष्मा सारखा केला आणि मला न्याहाळत राहिल्या. "अगं, तू? तू या वेळी कॉलेजात असतेस ना?"

मी बाबांकडे पाहिलं. ते घामाने निथळत होते.

"नाही बाई," ते म्हणाले. "ती या वर्षी कॉलेजला गेलेली नाही. लिफ्टचं काम शिकतेय."

"मग इतके महिने मला काय सांगत होतात?"

"खोटं."

हेडबाई "बरं" म्हणाल्या आणि घरात पाणी प्यायला गेल्या.

दाराचा कॉन्टॅक्ट मळला होता. मी तो घासायला लागले. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. "अट मोडली," मी मान वर न करता म्हटलं.

"मोडली तर मोडली. मीच घातली होती ना?"

माझा हात थांबला. डोळे भरून आले, पण कॉन्टॅक्ट अजून स्वच्छ व्हायचा होता, म्हणून पुन्हा घासायला लागले.

"ए कॉलेज, टेस्ट घेऊ या का?" वरून उस्तादांची हाक आली. टेस्टला एकाने आत बसून वर-खाली जायचं असतं. मी लिफ्टमध्ये शिरले तर मागोमाग बाबाही आले.

"बाबा, तुम्ही जिन्याने या."

"नको. मी आहे इथेच."

"आत कोण बोलतंय?" उस्ताद वरून गरजले. "टेस्टला बाहेरचा माणूस नको, किती वेळा सांगितलंय!"

बाबा उत्तर द्यायला निघाले. मी त्यांची बाही धरली. "हळू बोला. इथे बोललेलं सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग छपराच्या जाळीकडे तोंड केलं आणि मॅच बघताना ओरडतात तसे ओरडले, "बाहेरचा नाही! हिचा बाप आहे मी!"

वरच्या कुठल्यातरी मजल्यावर दार उघडल्याचा आवाज झाला.

"मग कोपऱ्यात उभे राहा," उस्ताद वरून म्हणाले, "आणि दाराला हात लावू नका."

बाबा कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी सगळ्यात वरचं बटण दाबलं.