भुलेतलं बाळंतपण

जॉयसला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी, दौंडलाच करायचं ठरलं. नवरा रॉबिन कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. घरात सासू कृपाबाई, थोरला दीर जोएल आणि त्याची बायको इवा. इवाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण तिला मूल नव्हतं. जॉयसच्या पायांना सूज आली की गरम पाणी करून द्यायची ती इवाच.

कळा सुरू झाल्या तेव्हा रॉबिन कामावर होता. इवा तिला दवाखान्यात घेऊन गेली. दुपार उलटली तरी बाळ खाली सरकेना. मग त्याचे ठोके मंदावू लागले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिझर करावं लागेल. पाठीतलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही. चिमटा काढला की जॉयसला कळत होतं. थांबायला वेळ नव्हता, म्हणून पूर्ण भूल दिली. नाकावर धरलेला मास्क तेवढा तिला आठवतो.

जाग आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि पोटात आग होत होती. बाळ इवाच्या मांडीवर होतं. मुलगा झाला, असं तिनं सांगितलं. जॉयसनं बघितलं. काहीच वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचं बाळ आणून दाखवलं असतं तरी तिनं असंच बघितलं असतं. हे ती कुणाला बोलली नाही.

कृपाबाईंनी नातवाचं नाव बन्यामीन ठेवलं. चर्चमधल्या बाया बघायला यायच्या आणि म्हणायच्या, बरं झालं, सिझरमुळं सुखानं सुटलीस. जॉयस नुसती मान हलवायची. साधा खोकला आला तरी तिला दोन्ही हातांनी पोट दाबून धरावं लागत होतं.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत टाक्यांतून पू येऊ लागला, ताप चढला. पुन्हा दवाखान्यात नेलं. जखम उघडून रोज धुवायची, त्यात कापसाची पट्टी भरायची. ती भरताना जॉयस कॉटची लोखंडी दांडी धरून ठेवायची. बाळाला घरीच ठेवलं होतं. तेवढ्या दिवसांत तिचं दूध आटलं. इवा बन्यामीनला बाटलीनं पाजायची, न्हाऊ घालायची, खांद्यावर घेऊन घरभर फिरायची.

जॉयस परत आली तेव्हा बाळ तिच्याजवळ राहीना. तिनं घेतलं की हातपाय ताठ करून रडायचं. इवानं घेतलं की तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प व्हायचं. एकदा रॉबिन ते बघून हसला. तो गेल्यावर जॉयस इवाला म्हणाली, "ताई, तुमाला झालं न्हाई म्हणून माझं घेताय का?"

इवानं बाळाला गादीवर ठेवलं, त्याची दुपटी नीट केली. दुसऱ्या दिवशी आईचे गुडघे दुखतात असं सासूला सांगून ती शिरूरला माहेरी गेली.

बन्यामीन पहिले काही दिवस रडून रडून दमला, मग जॉयसच्या हातून पिऊ लागला. तिच्याच अंगावर झोपू लागला. कृपाबाई म्हणाल्या, झालं ना आता मनासारखं? जॉयसला तसं वाटत नव्हतं. अंघोळ करताना टाक्यांवर हात फिरवला तर तिथली कातडी बधिर लागायची, आणि बाळाकडं बघताना अजून कुठंतरी परकं वाटायचं.

शेवटी तिनं रॉबिनला सुट्टी घ्यायला लावली. पोटाला पट्टा बांधून, बाळाला घेऊन ती एसटीनं शिरूरला निघाली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटून घेत होती.

इवाचं माहेर जुन्या चर्चच्या मागं होतं. रॉबिन ओट्यावर बसला. आत जॉयसनं बाळाला इवाच्या मांडीवर दिलं आणि बोलली ते चुकलं असं म्हणाली. इवानं फक्त त्याच्या कपाळावरचं जावळ मागं सारलं.

"ताई, त्यो जन्मला तवा मी नव्हते," जॉयस म्हणाली. "तुमी व्हता. कसा आला त्यो, सांगा मला."

इवानं बाळाला मांडीवर नीट घेतलं. मग सांगू लागली. आधी आवाजच आला नाही. ती दाराबाहेर भिंतीला टेकून प्रार्थना करत होती, पण शब्द आठवत नव्हते. मग बारीक रडणं ऐकू आलं. नर्सनं हिरव्या कपड्यात आणलं, तेव्हा एका कानाला रक्त लागलं होतं. एक हात कपड्यातून बाहेर काढून मूठ आवळलेली. "मी नर्सला इचारलं, याची आई कशी हाय? ती म्हणाली, टाके घालतायत. तवर मी त्याला तुझं नाव सांगत बसले."

जॉयस रडली. पोट दुखत होतं तरी ती दाबून न धरता रडली.

इवा मात्र त्यांच्यासोबत आली नाही. "येईन, पण आत्ता न्हाई," एवढंच म्हणाली.

ती आली ती थेट नाताळच्या तोंडावर. बन्यामीन बसायला लागला होता. इवानं त्याला उचललं, तर तो ओळखीचं काही न सापडल्यासारखा तिच्या तोंडाकडं बघत राहिला आणि मोठ्यानं रडू लागला. इवाचा चेहरा उतरला. ती त्याला पुढं करू लागली, पण जॉयसनं घेतलं नाही.

"राहू द्या तुमच्याजवळच," ती म्हणाली. "रडू द्या त्याला. माझ्याजवळबी आधी असाच रडायचा."

इवा त्याला खांद्यावर घेऊन अंगणात गेली. बराच वेळ तो रडत होता.