एकेचाळीस अंगठे

अपूर्व सरांचा उजवा अंगठा हजेरीच्या मशीनला कधी पटलाच नाही. लहानपणी संक्रांतीच्या पतंगबाजीत मांज्यानं तो असा कापला होता की पेरावर अजून तिरपी रेघ होती. सर मग तर्जनी टेकवायचे आणि अंगठा दाखवत मांज्याची गोष्ट नव्यानं सांगायचे. माया चार वर्षं ती गोष्ट ऐकून हसत होती. पीएच.डी. हाती पडेपर्यंत गाईडच्या गोष्टीला हसावंच लागतं.

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये एका बेटावरच्या लोकांचं रक्त होतं, एकेचाळीस नळ्या. बेटाचं नाव मी सांगणार नाही; तिथल्या कोणाला मी विचारलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी सर स्वतः जाऊन ते घेऊन आले होते. डीएनएचा एक तुकडा आईकडून लेकराला जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. त्याच्या मागावर जात ही माणसं कोणत्या किनाऱ्यावरून, किती पिढ्यांपूर्वी होड्यांतून आली, ते मायानं शोधून काढलं होतं. काम झकास झालं होतं. प्रबंध तयार, पेपर तयार. फक्त एका कागदावर तिची सही हवी होती: 'सर्व रक्तदात्यांची संमतिपत्रे मी तपासली आहेत.'

त्याच आठवड्यात बेटावरून पत्र आलं. सर पुण्याला गेले होते, म्हणून टपाल मायानं फोडलं. हिंदी पत्र, मोत्यासारखं अक्षर. साखर तपासतो म्हणून तुम्ही आमचं रक्त नेलंत. कोणाची साखर किती निघाली ते आजवर कळवलं नाहीत. आता आमच्या शाळेचे मास्तर सांगतात की तुमच्या सरांनी कुठल्याशा परिषदेत आमच्या पूर्वजांवर भाषण केलं. 'हमारी नानी किस किनारे से आई, हमें मालूम है. पूछते तो बता देते.' खाली एकेचाळीस सह्या, प्रत्येकीपुढे नाव.

मायानं संमतिपत्रांची फाईल काढली. नावं तीच, एकेचाळीस. पण प्रत्येक नावाखाली निळा अंगठा. सही एकही नाही.

आता दुसरं कोणी असतं तर एवढ्यावर फाईल मिटवून चहा प्यायला गेलं असतं. पण मायाच्या घरात अंगठा हा शब्द शिवीसारखा होता. तिच्या पणजोबांचा हात धरून मालगुजाराच्या मुनशीनं कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतला होता, आणि वावर गेलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिचे आजोबा, कवडू आबाजी, कोळशानं भिंतीवर स्वतःचं नाव गिरवत बसले होते. आजही राशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवताना म्हातारा भांडतो, "सही येते मले, रजिस्टर आण!"

म्हणून मायानं भिंग आणलं. पहिल्या अंगठ्यावर तिरपी रेघ. दुसऱ्यावर तीच. दहाव्यापर्यंत तिला वाटलं, आपलीच नजर चुकते आहे. एकेचाळिसावा पाहिला आणि तिनं भिंग टेबलावर आपटलं. ही रेघ ती रोज सकाळी हजेरीच्या मशीनपाशी बघत होती. बेटावरची माणसं अंगठेबहाद्दरच असणार, हे सरांनी मनाशी धरलं होतं. साधी सही येत असेल, असं त्या विद्वान डोक्यात आलंसुद्धा नाही!

रविवारी ती पारशिवनीकडच्या गावी गेली. आबाजी बाजेवर बसून पेपर वाचत होते. तिनं सगळं सांगितलं.

"सही नाही केली तं चार वर्षं पाण्यात जातीन, आबाजी. काय करू?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "काहून विचारून राहिली वं मले? तुले लिहाले शिकवलं ते कायले?"

सोमवारी सकाळी मायानं पत्राची आणि संमतिपत्रांची प्रत नीतिसमितीला मेलनं पाठवली आणि मगच सरांच्या खोलीत गेली. तो कागद टेबलावर वाटच बघत होता.

"सही नाही करत मी, सर."

सरांनी तिनं पुढे केलेलं बेटावरचं पत्र वरवर वाचलं. "ते लोक तुझा पेपर वाचणार आहेत का? विज्ञानाचं काम आहे हे. आणि तुझ्या पीएच.डी.चा विचार केलास?"

"चार वर्षं तोच करून राहिली होती." मायाचा आवाज चढला. "आमच्या घरी एकदा कोणीतरी असाच अंगठा घेतला होता. तवा बोलाले कोणी नव्हतं."

तिनं शेल्फावरचं निळं स्टॅम्पपॅड उचललं, उघडलं आणि त्या कागदाशेजारी ठेवलं.

"सही पाहिजेच असन तं तुमीच लावा अंगठा. एकेचाळीस लावले, हा बेचाळिसावा."

सरांनी उजवा हात टेबलाखाली नेला.

दुपारी मायानं बेटाला उत्तर लिहिलं. साखर कोणी तपासलीच नव्हती, हे आधी लिहिलं. काय शोधलं, ते कोणाला न विचारता शोधलं, आणि त्यात माझाही हात होता, हेही लिहिलं. पेपर मी जाऊ देणार नाही. नळ्यांचं काय करायचं ते तुम्ही समितीला कळवा, पत्ता सोबत आहे. खाली तिनं पूर्ण नाव लिहून सही केली. नानी कोणत्या किनाऱ्यावरून आली, ते मात्र तिनं विचारलं नाही.